टोळीतर्फे रुख्मा

रुख्माबाईची आणि माझी पहिली भेट तपासणीच्या टेबलाशी झाली. ती आडवी, मी उभी, आणि मध्ये हातमोजे उलटे घातलेली एक विद्यार्थिनी. माणसाची ओळख अशी होऊ नये खरं तर, पण आमच्या धंद्यात होते.

गोंदिया जिल्ह्यात सालेकस्याजवळ आमच्या मेडिकल कॉलेजचं एक ग्रामीण केंद्र आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि व्हरांड्यात कायम झोपलेलं कुत्रं. विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर कसा टाळायचा आणि व्हायच्या आधीच कसा ओळखायचा, हे शिकवणं माझ्याकडे. शिकवायला याच्याइतकं सोपं काही नाही. पातळ केलेलं आम्ल, म्हणजे घरातलं व्हिनेगरच म्हणा ना, कापसाच्या बोळ्याने आत लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि उजेड पाडून बघायचं. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी, आणि वेळेत सापडला तर साधा उपचार. डाग नाही उठला तर बाईने पुढची पाच वर्षं निवांत राहावं. एवढ्याशा गोष्टीवाचून बायका मरतात याचा मला संताप येतो आणि तो मी विद्यार्थ्यांवर काढते. माझ्या पाठीमागे ते मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

अडचण शिकवण्याची नव्हती. अडचण होती ती बायका येत नाहीत याची. कॉलेजात प्लास्टिकचं मॉडेल आहे, पण प्लास्टिक लाजत नाही, आखडत नाही आणि "दुखते जी" म्हणत नाही. जीप टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर जायची, भोंगा वाजवायची आणि रिकामी परत यायची. कधी कोणी म्हातारी बसून यायची, ती गुडघ्याचं औषध मागायला. मी चिडून बसलेली असायची आणि विद्यार्थी मोबाइल बघत बसलेले असायचे.

अशात एका सकाळी जीपमधून रुख्माबाई उतरली. उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला. चिखलात उभं राहून राहून तिच्या पायांची बोटं फाकली होती आणि नखं कायमची काळी पडली होती. मी नेहमीप्रमाणे सगळं समजावून सांगितलं, मुलं बाहेर थांबतील, दोनच मुली आत असतील, तुमची परवानगी असेल तरच, वगैरे. ती ऐकून घेत होती की नाही कोण जाणे. माझं संपायच्या आत बैलगाडीत चढावं तशी ती टेबलावर चढली.

"इचारता काय जी एवढं? त्याच्याचसाठी तं आली. कोन्ती पोरगी पाहते? ये वं, भिऊ नको. मी काही चावत नाही."

ती पोरगी म्हणजे डिंपल, तुमसरच्या कापड दुकानदाराची मुलगी. हातमोजे उलटे घातलेली ती हीच. रुख्माबाई छताकडे बघत तिला म्हणाली, "हात कायले एवढे थंडे तुझे? जेवली नाही का सकाळपासून?" डिंपल हसली, मी हसले, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच एक तपासणी नीट झाली. डाग नव्हता. मी डिंपलला म्हटलं, बघून घे, निरोगी गर्भाशयाचं तोंड असं दिसतं, हे नीट डोळ्यांत भरून ठेव, म्हणजे बिघडलेलं दिसेल तेव्हा चुकणार नाही.

"साफ आहे?" रुख्माबाईने विचारलं.

"एकदम साफ."

ती उतरली, साडी नीट केली, चहा प्यायली आणि गेली. त्यानंतर ती येतच राहिली. मी सांगायची, बाई, पाच वर्षांतून एकदा पुरे, सारखं कशाला? ती म्हणायची, "तुमच्या पोराइले शिकाले लागते नं?" खोटं कशाला सांगू, मला ते सोयीचं होतं. तुकडीमागून तुकडी तिच्यावर शिकली. ती विद्यार्थिनींची थट्टा करायची, कोणाचं लग्न जमलं का विचारायची, एकीला तर तिने टेबलावर पडल्या पडल्या आपल्या भाच्याचं स्थळ सुचवलं होतं. मला वाटायचं, बाई हौशी आहे. खेड्यातल्या बाईला आपल्या कामाचं महत्त्व कळलंय, याचा मला भारी आनंद होत होता.

तिचं आयुष्य मला असंच तुकड्यातुकड्यांनी कळलं. माहेर रेल्वेलाइनच्या पलीकडचं, छत्तीसगडच्या हद्दीजवळचं. नवरा बकाराम भला माणूस, पण बसका. अंगणात बसून दोर वळणार आणि बायको घरी आली की "आलीस का?" विचारणार. पोरबाळ झालं नाही. घरात धाकटी जाऊ आली ती प्रेमिला, अगदी कोवळी, रोवणीला उभी केली तर पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची मूठ कशी धरायची ते माहीत नसलेली. रुख्माबाईने तिला रोवायला शिकवलं, तेंदूची पानं तोडायला शिकवलं, तिचं बाळंतपण केलं. दोघींच्या चुली वेगळ्या होत्या पण भाजी एकाच चुलीवर शिजायची. प्रेमिलाची मुलगी खुशी रुख्माबाईच्याच अंथरुणात झोपायची. रुख्माबाई तिच्याविषयी बोलताना "आमची प्रेमिला" म्हणायची, नुसतं प्रेमिला कधीच नाही.

या दोघी ज्या टोळीत रोवायच्या त्या टोळीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे धानाची रोवणी गुत्त्याने होते. म्हणजे दहा-बारा बायका मिळून एखाद्याचं शेत अंगावर घेतात, सगळ्या मिळून रोवतात आणि येईल ते सारखं वाटून घेतात. कोण जास्त वाकली, कोण कमी वाकली, हे कोणी मोजत नाही. टोळीची मुख्य मंदाबाई, आवाज असा की चार बांध्या, म्हणजे धानाची चार शेतं ओलांडून पलीकडे ऐकू जावा. या टोळीचा एक नियम होता. टोळीच्या कामासाठी एक बाई बाहेर गेली तर तिचा वाटा कापायचा नाही. रेशनच्या रांगेत एकच जाणार, सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. बँकेत एकच जाणार, सगळ्यांची पासबुकं घेऊन. देवीला नवस फेडायला जायचं तरी एकीने सगळ्यांचे नारळ न्यायचे. बाकीच्या चिखलात उभ्याच. काम थांबत नाही, आणि सगळ्यांचं सगळं होऊन जातं. मी हे सगळं पाहत होते आणि मला ते फार आवडायचं. विद्यार्थ्यांना मी सांगायची, बघा, एकी कशाला म्हणतात.

विद्यार्थी घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे. तुमची तपासणी झाली का? त्या टोळीतली एकूण एक बाई म्हणायची, झाली जी. साफ निघाली. मुलं खूश, मी त्याहून खूश. ज्या तालुक्यात शंभरात पाच बायका तपासायला मिळत नाहीत, तिथल्या या एका टोल्यावर सगळ्याच बायका तपासलेल्या! दुसऱ्या केंद्रात झाल्या असतील, सरकारी शिबिरात झाल्या असतील, असं मी धरून चालले. नागपूरच्या एका परिषदेत मी त्या टोल्याचा फोटो मोठ्या पडद्यावर लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान डोलावली.

एका पौषात रुख्माबाई जीप न पाठवताच आली. तुकडीही नव्हती. मी एकटीच कपाट आवरत होते. म्हणाली, "म्याडम, आज तुमी सोता पाहा. पोरीइले देऊ नका." मी म्हटलं, काही त्रास आहे का? अंगावरून जातंय? ती म्हणाली, "नाही, मले काहीच नाही. पन नीट पाहा." मी पाहिलं. काहीही नव्हतं. तिने तीन-तीनदा विचारलं, "नक्की नं जी? नक्की साफ?" मी वैतागून म्हटलं, रुख्माबाई, तुमच्याइतकं साफ मी जिल्ह्यात कुणाचं पाहिलेलं नाही, जा आता घरी. तिचा चेहरा एवढा उजळला की मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. जाताना तिने ओटीतून पेरू काढून टेबलावर ठेवले.

त्यानंतर वर्षभर ती फारशी आली नाही. पुढच्या उन्हाळी धानाला टोळी इटियाडोह धरणाच्या कालव्याकडे गेली होती. तिथे पाणी असतं, रोवणीला हात कमी पडतात, मग या बायका तिकडेच झोपड्या घालून राहतात. शिमग्याच्या आधी एका सकाळी मी नव्या तुकडीला फळ्यावर चित्र काढून दाखवत होते. व्हरांड्यात रिक्षा थांबली. रुख्माबाई एका बाईला काखेत धरून आत आणत होती. बाई आत यायच्या आधी तो कुजका वास आत आला. ज्यांनी तो एकदा घेतलाय त्यांना फळ्याची गरज उरत नाही. माझ्या हातातला खडू मी खाली ठेवला.

"ही आमची प्रेमिला," रुख्माबाई म्हणाली.

मी प्रेमिलाबद्दल इतकं ऐकलं होतं, पण बघत पहिल्यांदाच होते. चेहरा धुतल्यासारखा पांढरा, एक पाय सुजलेला. तिला टेबलावर घेतलं. गर्भाशयाचं तोंड राहिलेलंच नव्हतं. तिथे एक गाठ होती, हात लागताच रक्त सुटणारी, आणि ती दोन्ही बाजूंनी हाडापर्यंत पसरली होती. माझ्या शेजारी दोन मुली उभ्या होत्या. त्यांना शिकवायचं सोडून मी रक्त थांबवायला बोळे दाबत राहिले. 

हात धुऊन मी रुख्माबाईला व्हरांड्यात घेतलं. "कधीपासून आहे हे?"

"झालं असन वरीस-दीड वरीस. आधी थोडं थोडं जाये. नवऱ्यासंगं झालं का लाल जाये. मंग मी तुमच्याकडे आली नं तवा."

"तुम्ही आलात. हिला का नाही आणलं?"

"कायले आनू? मीच आली नं तिच्यासाठी. पौषात. तुमीच तं म्हनलं, साफ हाय. जिल्ह्यात एवढं साफ पाह्यलं नाही म्हनलं." तिचा आवाज चढला होता. मला उलट विचारत होती ती. "मंग आता हे कोठून आलं?"

मला कळायला वेळ लागला. मी म्हटलं, बाई, मी तुम्हाला तपासलं. तुम्हाला. तुमचं साफ होतं.

"हो. माझंच. टोळीतर्फे."

 ती सांगत होती, मी ऐकत होते. टोळीत कुणालाही काही झालं की रुख्माबाई यायची. कुणाला पांढरं जातंय, कुणाची कंबर दुखतेय, कुणाला नुसतीच भीती वाटतेय. टोळीने तिलाच नेमलं होतं, कारण तिला लाज कमी आणि पोरबाळ नसल्यामुळे घरी अडकलेपण नाही. ती येऊन तपासून जायची, बांधीवर जाऊन सांगायची, साफ आहे, आणि बायका पुन्हा वाकायच्या. मी ओरडले तिच्यावर. एकीचं तपासून दुसरीचं कसं कळणार? एवढं साधं कसं समजलं नाही तुम्हाला?

ती गोंधळून माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तुमचे बाबूजी धानाचे व्यापारी नं, गोंदियात? गाडीभर धान आलं तं ते काय करतेत? एका पोत्यात परखी घालतेत. मूठभर दाने काढून पाहतेत अन् सगळ्या गाडीचा भाव लावतेत. दर पोतं फाडून पाहतेत का? आमी सगळ्या एकाच टोल्याच्या. एकाच हिरीचं पानी पेतो, एकाच चिखलात उभ्या राहतो. मी साफ तं सगळ्या साफ, असंच धरलं आमी."

माझ्या वडिलांच्या हातातली ती लोखंडी नळी मला आठवली. पोत्यात खुपसली की सर्रकन दाणे तळहातावर यायचे आणि शेतकरी श्वास धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. मी लहानपणी ते रोज पाहिलं होतं.  आत टेबलावर प्रेमिला कण्हत होती.

पुढचं लांबण लावण्यात अर्थ नाही. गोंदियाला सोनोग्राफी झाली. गाठीने लघवीच्या नळ्या दाबल्या होत्या, दोन्ही मूत्रपिंडं सुजली होती. तिथून नागपूर. रुख्माबाई सोबत होती, प्रेमिलाचा नवरा खेमराज होता, आणि दोनदा मीही गेले. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, जे मला आधीच माहीत होतं. बरं होण्याची वेळ गेली. रेडिएशन दिलं तर रक्त जाणं थांबेल, तेवढंच. पण मूत्रपिंडांनी हात टेकलेत, ती ते सोसेल असं वाटत नाही. खेमराज म्हणाला, मग कशाला हाल, घरी नेतो. तो रडत नव्हता. तो रुख्माबाईकडे बघतही नव्हता.

रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. रुख्माबाईने मला जिन्यात गाठलं. आजूबाजूला माणसांची ही गर्दी, स्ट्रेचर जात होते, आम्हाला लोक धक्के देत होते. तिने माझा हात धरला.

"म्याडम, तिले शेक सोसत नाही म्हनतेत. मले सोसन. मी घेऊ का तिच्यातर्फे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"एकदा इचारून तं पाहा डागतराले. मी मजबूत हाय. मले काही होत नाही."

"रुख्माबाई, असं होत नसतं."

"कायले होत नाही जी मंग? काय होते माझ्यानं?" ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. त्या क्षणी तिला कळलं, असं मला वाटतं. मी केंद्रात ओरडून सांगितलं तेव्हा नाही, तिथे, त्या जिन्यात. मी तिच्या शेजारी बसले. मी डॉक्टर आहे, मला शिकवता येतं, आणि मला त्या बाईसाठी काहीही करता येत नव्हतं.

प्रेमिला ज्येष्ठात गेली. शेवटचे दिवस ती गुंगीत होती, माणसं ओळखत नव्हती. रुख्माबाई तिची लुगडी धूत होती, तिला कुशीवर वळवत होती आणि तो वास घरात कुणाला येऊ नये म्हणून कडुलिंबाचा पाला जाळत होती. मी मॉर्फीनच्या गोळ्या पोचवल्या. त्या मिळवायलाच मला किती खेटे घालावे लागले ते आता काढत नाही. गोळ्यांमुळे दुखणं जरा कमी झालं. एवढंच काय ते माझ्या विद्येचं फळ.

तेरवी झाली आणि रुख्माबाई कामाला लागली. टोळीतल्या प्रत्येकीच्या दारात गेली. सांगू लागली, वं बाया हो, मी गेली म्हणून तुमचं होत नाही, जिची तिनंच जायचं. आपलं चुकलं. प्रत्येकीनं टेबलावर सोता चढायचं. मला वाटलं, आता हे काम होईल. तिच्यापेक्षा चांगली सांगणारी कोण मिळणार? आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत प्रेमिला गेली त्या बायका ऐकणार नाहीत तर कोण ऐकणार?

त्यांनी ऐकलं ते भलतंच. त्यांना वाटलं, ही आपली चूक झाकतेय. एवढी वर्षं आपल्या नावावर जात होती, वाटा पुरा घेत होती, आणि काम नीट केलं नाही. आता वर आपल्यालाच शिकवतेय. खेमराजने तर भर अंगणात तिला सुनावलं, तुझ्या भरवशावर माझी बायको गेली. खुशी आता मोठी होत होती, तिला या कॅन्सरची लस द्यायची म्हणून रुख्माबाईने विषय काढला, तर म्हणाला, तुझ्या हातून माझ्या पोरीचं काही नको. पोरगी त्याने मामाकडे पाठवून दिली. दोन चुली खऱ्याच वेगळ्या झाल्या. आणि रोवणीची सुपारी फुटली, म्हणजे हंगामाचं काम ठरलं, तेव्हा मंदाबाईने रुख्माबाईला बोलावणं धाडलं नाही. टोळीत ठेवणं नाही, एवढंच, भांडण नाही की तंटा नाही.

हे सगळं मला सांगायला रुख्माबाई चालत केंद्रावर आली. तिला स्वतःचं काही सांगायचं नव्हतं. "माझं जाऊ द्या जी. पन त्याइचं पाहा. माझं ऐकत नाहीत, तुमी सांगा. तुमचं ऐकतीन. दोघीचौघीच्या अंगावरून जाते, मले मालूम हाय. सांगत नाहीत." तिने मला त्यांची नावं सांगितली. मग म्हणाली, "आनखीन एक प्रेमिला नाही पाह्यजे."

मी गेले. समाजमंदिराच्या ओट्यावर सगळ्या टोळीला बसवलं. चित्रं दाखवली. सोप्या भाषेत सांगितलं, एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं. परखीचीच गोष्ट घेतली. म्हटलं, माणूस म्हणजे धान नाही, प्रत्येक पोतं वेगळं, प्रत्येक पोत्यात परखी घालावी लागते. त्या हसल्या. मान डोलावली. मंदाबाई मोठ्याने म्हणाली, "बराबर हाय म्याडमचं. प्रेमिलाच्या बाबतीत चूक झाली. आता तशी चूक कराची नाही." मी शिबिराची तारीख सांगितली. मंदाबाईने सगळ्यांकडून हो म्हणवून घेतलं. रुख्माबाई ओट्यावर नव्हती. ती समोरच्या हातपंपाच्या आडोशाला उभी राहून ऐकत होती. मी जीपमध्ये बसताना तिने दुरूनच हात जोडले.

शिबिराच्या दिवशी मी जय्यत तयारी केली. कापसाचे बोळे जास्तीचे, औषध ताजं, दोन टेबलं. जास्तीच्या विद्यार्थिनी मागवून घेतल्या. डिंपल आता डॉक्टर झाली होती, तीही खास आली. डाग सापडला तर तिथेच उपचार करायचं यंत्र मी भांडभांडून गोंदियाहून आणवलं होतं. जीप टोल्यावर गेली. मी व्हरांड्यात उभी राहून वाट बघत होते, आणि मला कबूल केलं पाहिजे, मनात आशा होती.

जीप आली. दार उघडलं. मंदाबाई उतरली. मी तिच्या मागे बघत राहिले. ड्रायव्हरने दार लावून घेतलं.

"बाकीच्या?"

"बांधीत हायेत जी. रोवना जोरात हाय."

"मंदाबाई, मी काय सांगितलं होतं त्या दिवशी?"

"सांगितलं नं. ध्यानात हाय माझ्या." तिने पदर सावरला आणि समजूतदारपणे मला सांगितलं, "रुख्माच्या अंगात गुन नाही राह्यला. तिचं पाहनं लागू पडलं नाही. म्हनून यंदा सगळ्याइनं मले पाठवलं."

डिंपल माझ्याकडे बघत होती. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून झालं होतं. समजावूनही झालं होतं. मी डिंपलला म्हटलं, घे आत. मंदाबाई चढली, लाजली, "पाहा जी लवकर, त्या थांबून हायेत," म्हणाली. डिंपलने बोळा लावला. आम्ही मिनिटभर थांबलो. डाग नव्हता.

"साफ?"

"तुमचं साफ आहे," मी म्हणाले. "फक्त तुमचं, मंदाबाई. दुसऱ्या कुणाचंच नाही."

"हो जी, हो," ती म्हणाली. व्हरांड्यात जाऊन तिने मोबाइल काढला आणि तिच्या त्या चार बांध्या पलीकडे जाणाऱ्या आवाजात सांगितलं, "हो वं, सब साफ हाय. लागा कामाले." फोनमधून बायकांच्या हसण्याचा गलका ऐकू आला.

मंदाबाईला सोडायला जीप निघाली तेव्हा मीही बसले. तेवढ्यात दोघीचौघींना बांधीवरूनच उचलून आणता येईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. गाडी बघताच बायका लांबच्या बांधीत सरकल्या. मी बांधावरून हाका मारल्या. कुणी मान वर केली नाही. मंदाबाई चिखलात उतरली, तिने पऱ्ह्याची मूठ उचलली आणि ओळीत मिसळून गेली.

रस्त्याच्या अलीकडे बकारामने ठेक्याने घेतलेली बांधी आहे. तिथे रुख्माबाई एकटीच रोवत होती. बकाराम बांधावर बसला होता. जीपचा आवाज ऐकून ती उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. चिखलाने भरलेला हात तिने वर केला आणि पंजा हलवून मला विचारलं, किती आल्या?

मी खिडकीतून एक बोट दाखवलं.

तिने ते बघितलं.  मग वाकली आणि पुन्हा रोवू लागली.